पन्हाळ्याखाली उशिरा पोहोचलेला सरनोबत

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले कितीतरी जण खोपोलीच्या गाडीने लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत इथे येता. काही चौक-खालापूरकडून येता. चौकच्या मुलांच्या गावात नेताजी पालकरांचं स्मारक आहे. जयंती-पुण्यतिथीला त्यांच्या शौर्यावर भाषणं होतात आणि ती व्हायलाच हवीत. मला मात्र आज त्यांच्या नोकरीबद्दल बोलायचं आहे. तुमच्यातले बहुतेक जण आता नोकरीच शोधणार आहात. नेताजींच्या नोकरीत बढती आहे, बडतर्फी आहे, दुसरीकडे रुजू होणं आहे आणि नऊ-दहा वर्षांची अशी गॅप आहे, की आजचा एखादा एचआरवाला ती पाहून बायोडेटा बाजूलाच ठेवेल.

नेताजी शिवाजी महाराजांचे सरनोबत होते. सरनोबत हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्या पदाखाली केवढा डोलारा असे ते सभासदाच्या बखरीत वाचायला मिळतं. 25 घोड्यांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर एक जुमलेदार, 10 जुमलेदारांवर एक हजारी, 5 हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि या सगळ्यांच्या वर सरनोबत. घोडा सरकारचा असेल तर स्वार बारगीर, स्वतःचा असेल तर शिलेदार. माणकोजी दहातोंडे यांच्यानंतर, अफजलखानाच्या स्वारीच्या थोडं आधी, ही जबाबदारी नेताजींकडे आली. 10 नोव्हेंबर 1659 ला खान पडला आणि त्याच्या फौजेवर नेताजींचं घोडदळ तुटून पडलं. महिना-दीड महिन्यात, 28 डिसेंबरला, कोल्हापूरजवळ रुस्तुमेजमान आणि फाजलखान यांचा मोड झाला, त्यातही नेताजी होते. लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणू लागले. दरारा होताच तसा.

आता आपल्या भागात या. मोगलांचा शाहिस्तेखान पुण्यात बसला होता आणि त्याने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. खान लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने उंबरखिंडीत उतरला. आजही चावणी गावाकडून तिथे गेलात तर कळेल की तिथे शौर्याइतकंच काम जमिनीने केलं आहे. दोन्ही बाजूंना दाट झाडीचे डोंगर, मधे माणसामागे माणूस जाईल एवढीच वाट, आणि फेब्रुवारी महिना. 2 फेब्रुवारी 1661. तोफा, हत्ती, ओझ्याचे बैल घेऊन उतरलेल्या फौजेला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, प्यायला पाणी मिळेना. झाडीत महाराज आणि नेताजी दबा धरून बसलेले. खानासोबत रायबागन नावाची बाई होती, स्वतः सरदार. तिने ओळखलं की इथे लढण्यात अर्थ नाही आणि खानाला शरण जायला लावलं. सगळं सामान टाकून, जीव घेऊन ती फौज परत गेली. त्या सबंध मोगल फौजेत डोकं ठिकाणावर असलेली तीच एक व्यक्ती होती, असं माझं मत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावरही कधीतरी प्रबंध लिहावा.

इथवरची गोष्ट तुम्हाला साधारण माहीत असते. पुढची सांगताना लोक घाई करतात.

नेताजींच्या नोकरीत पन्हाळा दोनदा आडवा आला. उंबरखिंडीच्या आधी, 1660 मध्ये, विजापूरच्या सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, महाराज आत अडकले. नेताजी आणि सिद्दी हिलाल बाहेरून वेढा फोडायला गेले. जमलं नाही. हिलालचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि फौजेला मागे फिरावं लागलं. त्याबद्दल नेताजींचं पद गेलं नाही. प्रयत्न करून हरणं ही तेव्हाही माफी असलेली गोष्ट होती.

दुसऱ्यांदा तसं झालं नाही. जून 1665 मध्ये मोगलांशी पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले गेले, त्यात लोहगड, कर्नाळा आणि प्रबळगड होते. चौकातून मान वर करून पाहिलंत तर इर्शाळच्या सुळक्यामागे प्रबळ दिसतो. म्हणजे सरनोबताच्या अंगणातून दिसणारा गड मोगलांचा झाला होता, आणि तहाप्रमाणे त्याच मोगलांच्या बाजूने विजापूरवर चालून जायचं होतं. फलटण, ताथवडा, मंगळवेढा ही ठाणी भराभर घेतली गेली. मग 16 जानेवारी 1666 च्या रात्री महाराजांनी पन्हाळ्यावर हल्ला केला. गडावरचे सावध होते. सुमारे हजार माणसं पडली. नेताजी फौज घेऊन वेळेवर पोहोचले नाहीत. महाराजांनी त्यांना तिथल्या तिथे पदावरून दूर केलं आणि सरनोबती कडतोजी गुजरांना दिली. तेच पुढचे प्रतापराव.

नेताजी आदिलशहाकडे गेले. तिथेही टिकले नाहीत. मिर्झाराजा जयसिंगाने त्यांना ओढून घेतलं आणि मार्च 1666 मध्ये ते मोगलांचे पंचहजारी मनसबदार झाले. सोबत जहागीर आणि 38,000 रुपये रोख. हा पंचहजारी शब्द लक्षात ठेवा. पुरंदरच्या तहात आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिळाली होती तीही पंचहजारीच. आणि मेमध्ये आग्र्याच्या दरबारात महाराजांना ज्या रांगेत उभं केलं, ती पंचहजाऱ्यांचीच. मुलाचा हुद्दा आणि कालपर्यंतच्या चाकराचा हुद्दा, तोच आपलाही, हे त्या संतापाचं एक कारण होतं. एका माणसाच्या नोकरी बदलण्याची झळ किती लांबवर, कुणाच्या मानाला लागते पाहा.

ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाला धास्ती, की दख्खनेत असलेला नेताजीही आता जाणार. ऑक्टोबरमध्ये त्यांना कैद करून दिल्लीला नेलं. 1667 मध्ये धर्म बदलावा लागला, नाव महंमद कुलीखान झालं, मनसब तीन हजारीवर आली. मग काबूलच्या मोहिमेवर रवानगी. वाटेत लाहोरजवळ पळायचा प्रयत्न केला, पकडले गेले. पुढची वर्षं अफगाणिस्तानात गेली. इकडे 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने 60 माणसांनिशी पन्हाळा घेतला. 1674 च्या फेब्रुवारीत प्रतापराव नेसरीला पडले, जूनमध्ये राज्याभिषेक झाला. ज्या राज्यासाठी नेताजींनी उमेदीची वर्षं घातली, ते त्यांच्या पाठीमागे उभं राहिलं.

काही जण सांगतात की हे सगळं ठरवून केलं होतं, महाराजांनीच नेताजींना शत्रूच्या गोटात पाठवलं. गोष्ट म्हणून छान आहे, दोघांवरचाही डाग निघून जातो. मला ती पटत नाही. डाव असता तर आधी विजापूर आणि मग दोन महिन्यांत मोगल अशी धरसोड कशाला? आणि पन्हाळ्याखाली पडलेली हजार माणसं काही डावासाठी पडलेली नव्हती. नेताजी चुकले, रागावले, सोडून गेले, फसले. एवढ्याने ते लहान होत नाहीत. लहान होतात ते त्यांची गोष्ट 1665 लाच थांबवणारे आपण.

युद्धातला बडा अधिकारी आणि शत्रूची चाकरी, हा पेच जगात इतरत्रही पडला आहे. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर स्वातंत्र्यलढ्यात आपले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस स्टालिनग्राडमध्ये जर्मन सेनापती पाउलुस रशियनांना शरण गेला. हिटलरने आदल्याच दिवशी त्याला फील्डमार्शल केलं होतं. जर्मनीचा फील्डमार्शल तोवर कधी शरण गेला नव्हता. बढतीचा अर्थ उघड होता, मर. तो मेला नाही. कैदेत असताना हिटलरविरुद्ध बोलला, न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्ष दिली, 1953 मध्ये सुटून पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला राहिला आणि 1957 मध्ये वारला. मधल्या काळात बायको पश्चिमेकडे वारली होती, शेवटची भेटही झाली नाही. तुलना फार ताणत नाही. पाउलुस ज्या राजवटीचा सेनापती होता, तिच्याकडे परतायला काही उरलंच नव्हतं आणि ते बरंच झालं. नेताजींना परतायला जागा होती.

1676 मध्ये दिलेरखानाबरोबर दख्खनेत येताच ते निसटले आणि रायगडावर आले. 19 जूनला प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झाले. जेधे शकावलीत त्याची नोंद एका ओळीची आहे. राज्याभिषेकाला तेव्हा दोन वर्षं झालेली. जुना राग मनात धरून त्यांना दारातून परत पाठवलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. शास्त्राचा आधारही सापडला असता. महाराजांनी ते केलं नाही. धर्म सोडावा लागलेल्या बजाजी निंबाळकरांना असंच पूर्वी परत घेतलं होतं आणि त्यांच्याच घरी आपली लेक सखूबाई दिली होती. घरोबा केला की लोकांचं कुजबुजणं थांबतं, हे महाराज जाणून होते.

पण सरनोबती नेताजींना परत मिळाली नाही. ती हंबीरराव मोहित्यांकडे होती, त्यांच्याकडेच राहिली. मला हे दोन्ही निर्णय योग्य वाटतात, आणि दुसरा घेणं बहुधा पहिल्यापेक्षा जड गेलं असेल. माणूस घरचा झाला म्हणून दुसऱ्याने निभावलेलं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं नसतं. नांदेड जिल्ह्यात तामशाला नेताजींची समाधी दाखवतात. चौकपासून फार लांब आहे. पण काबूल पाहून आलेल्या माणसाला ते अंतर काय वाटलं असेल!

प्राचार्य मघापासून घड्याळाकडे बघताहेत, आणि तुमच्या आयांना फोटो काढायचे आहेत. पदव्या घ्या, त्यावरचं नावाचं स्पेलिंग इथेच तपासून घ्या, नंतर विद्यापीठात खेटे घालावे लागतात. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन.