एकशे आठ पेले

मी महाडचा. चवदार तळ्यापासून पाच मिनिटांवर घर, आणि एकतीस वर्षं चित्रकला शिकवण्याची नोकरी.

‘परदेशी गेलेल्या आपल्या माणसांची कला’ हा विषय मला सुचवला गेला, तेव्हा आधी मुंबईचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप आठवला. १९४७ साली तो निघाला आणि चार-पाच वर्षांत त्यातले तिघं देशाबाहेर गेले. १९४९ मध्ये गोव्याचे सूझा लंडनला, १९५० मध्ये रझा पॅरिसला, १९५१ मध्ये शिल्पकार सदानंद बाकरे इंग्लंडला. बाकरे १९७५ साली परतले ते आमच्या कोकणात, दापोलीजवळच्या मुरूडला, आणि २००७ मध्ये तिथंच वारले. एवढा मोठा शिल्पकार एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर बत्तीस वर्षं होता, आणि मी चित्रकलेचा मास्तर असून एकदाही गेलो नाही. असो.

ही माणसं एकेकटी गेली. नंतर समाजच्या समाज गेले, त्यांनी आपली दैवतं, आपली स्मारकं सोबत नेली. ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी १९९४ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला बाबासाहेबांचा अर्धपुतळा दिला. अमेरिकेत मेरीलँडला २०२३ मध्ये एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला. तो घडवणारे राम सुतार धुळे जिल्ह्यातले.

पण मला सांगायचंय ते एका वेगळ्याच कामाविषयी. राज्यश्री गुडी ही पुण्याची कलावंत. फर्ग्युसनला समाजशास्त्र, मग मँचेस्टरला दृश्य मानववंशशास्त्र शिकली, पुढं ॲमस्टरडॅमच्या रायक्सअकॅडमीत राहून काम केलं. २०१७ मध्ये तिनं एक मांडणी केली. नाव, ‘पाण्याची जात कोणती?’ काचेचे एकशे आठ पेले, आणि त्यांत शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप. बस्स.

एका जुन्या विद्यार्थ्यानं मला त्याचा फोटो पाठवला. मी तो पाहून मोबाइल उपडा ठेवला.

कारण तो आकडा मला ठाऊक होता. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. मग अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. पुढं गावातल्या सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं, पंचगव्याच्या एकशे आठ घागरी ओतून. माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची. काठावर उभी राहून तिनं ते पाहिलं होतं. म्हातारपणी ती आम्हा नातवंडांना सांगायची, जत्रेचं सांगावं तसं. घरातलं कुणी तिला कधी थांबवलं नाही. मीही नाही.

शाळेत दर मार्चला मी मुलांकडून तळ्याचं चित्र काढून घेत असे. बाबासाहेबांची ओंजळ, मागं माणसांची रांग, पायऱ्या. ‘पाण्याचा निळा जरा गडद घे,’ एवढं मी शिकवलं. वर्गातल्या काही मुलांचे पणजोबा त्या रांगेत होते, काहींचे काठावर. घागरी मात्र एकाही चित्रात आल्या नाहीत, कारण मास्तरांनी त्यांचं नावच काढलं नव्हतं. आणि त्या घागरी पुन्हा मांडायला पुणे-मँचेस्टर करून आलेली मुलगी लागली! दूर गेल्यावर अधिक दिसतं, असं काही मी म्हणणार नाही. जे तिला दिसलं ते आमच्या माजघरात होतं.

तिच्या पुढच्या एका प्रदर्शनाचं नाव इंग्रजीत असलं तरी त्यात ‘चवदार’ हा शब्द तसाच ठेवलाय. पाणी चवदार आहे का, असा तो प्रश्न.

परवा नातीला तो फोटो दाखवला. तिनं विचारलं, ‘आजोबा, एकशे आठच का?’ मी आजीची सगळी हकिकत सांगितली, काही न गाळता. ती थोडा वेळ गप्प बसली, मग चित्रकलेची वही घेऊन आली. म्हणाली, एवढ्या घागरी एका पानावर मावणार नाहीत.

मी तिला दोन पानं जोडून दिली.