दुसऱ्या संसाराची कथा



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मी लगेच त्या वाङ्मयप्रकाराकडे वळतो, ज्याविषयी मला मनःपूर्वक आस्था आहे आणि ज्याची आपल्या लेखकांनी उगीचच उपेक्षा केली आहे: मोडलेला संसार श्रद्धेच्या बळावर पुन्हा उभारणाऱ्या स्त्रीपुरुषांची प्रेमकथा. जॅनेट ओक या लेखिकेने १९७९ साली ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीत, पतीच्या अपघाती निधनाने निराधार झालेली एक तरुण विधवा आणि पोरक्या मुलीला सांभाळणारा एक विधुर यांची कहाणी सांगितली, आणि पाश्चात्त्य देशांत अशा कथांना मोठा वाचकवर्ग लाभला. परंतु हा प्रकार आपल्याला परमुलखातून आणावा लागेल असे ज्यांना वाटते, त्यांनी आपलेच दप्तर एकदा उघडून पाहावे.

विधवाविवाहास १८५६ साली कायद्याची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. अनेक इतिहासकार मराठीतील पहिली कादंबरी मानतात ती हीच. पतीबरोबर प्रवास करताना ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे ऐकणारी यमुना पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ताच्या आश्रयाला येते आणि पुन्हा विवाह करते. म्हणजे कुटुंब, सांत्वन आणि नवा संसार ही त्रयी मराठी कादंबरीच्या जन्मकाळापासूनच तिच्याबरोबर आहे. पुढे तीन दशकांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली, तिच्या नायिकेचे नावही यमुनाच, पण त्या यमूच्या वाट्याला वैधव्य, केशवपन आणि अकाली मृत्यू एवढेच आले. महाराष्ट्राने जिच्यासाठी अश्रू ढाळले ती ही दुसरी यमू, आणि जिला सुख लाभले ती पहिली यमुना अभ्यासकांच्या टिपणांत उरली. असे का व्हावे, या प्रश्नाने मला दीर्घकाळ अस्वस्थ केले आहे.

माझ्या मते त्याचे कारण असे की पदमनजींच्या यमुनेला मिळालेले दुसरे आयुष्य सर्वथा न्याय्य असले, तरी तिचे दुःख आणि तिचे सांत्वन यांच्यामधला जो काळ वाचकाने तिच्यासोबत कंठायला हवा, तो तिला मिळतच नाही. तिच्या अश्रूंच्या आधी युक्तिवाद येऊन पोहोचतो. सुधारणेच्या तळमळीने लिहिणाऱ्या त्या थोर पुरुषाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु आज जो लेखक आपल्या नायिकेला शेवटच्या प्रकरणात प्रार्थनेला बसवतो आणि तेवढ्याने तिच्या सर्व जखमा भरल्या असे जाहीर करतो, त्याला तळमळीची सबब सांगता येणार नाही.

तो मधला काळ कसा लिहावा याचा वस्तुपाठ आपल्याला एका आत्मचरित्रात सापडतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. त्यानंतरची विरहाची वर्षे, लहानग्या दत्तूला, म्हणजे पुत्र देवदत्ताला, घेऊन नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस, पतीविषयीचा संताप आणि त्याच्याविषयीची ओढ, परत आल्यावरही जपलेले सोवळे, आणि मग कोणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःच्या विचारांती मनातून गळून पडलेला जातिभेद, हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त असे सांगितले आहे की त्यातील एकही पायरी गाळलेली वाटत नाही. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्याही टिळकांच्या सावलीप्रमाणे नव्हे, आपल्या पायांनी चालत. टिळकांचा शीघ्रकोप आणि त्यांचा हाताबाहेरचा दानधर्म यांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. म्हणूनच त्या दोघांचे प्रेम आपल्याला खरे वाटते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि पुत्र देवदत्तांनी पूर्ण केले, ही घटना तर स्वतःच एक कौटुंबिक कादंबरी आहे.

आता आपल्या मराठवाड्याकडे येतो. पवित्र शास्त्रातील रूथची कथा आपल्या स्त्रियांना जितकी जवळची वाटावी तितकी क्वचितच कोणाला वाटेल, कारण कापणीनंतर शेतात सरवा वेचणे म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. परदेशी विधवा सून, रित्या हाताने आपल्या गावी परतलेली सासू नामी, आणि शेताचा धनी बवाज: या कथेतील एक तपशील आपले लेखक हटकून विसरतात. रूथचा विवाह ठरतो तो चांदण्यात नव्हे, वेशीपाशी पंचांसमोर, आणि मृताच्या जमिनीचा निवाडा व विधवेचा विवाह ही दोन्ही प्रकरणे तेथे एकाच बैठकीत निकालात निघतात. कर्जापायी ज्याने जीव दिला त्या शेतकऱ्याची विधवा आज नांदेड-लातूरच्या गावोगाव आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी म्हणून ती तलाठ्याकडे खेटे घालते, दिराची भाषा ऐकून घेते, सावकाराचा तगादा सोसते. तिच्या जीवनात पुन्हा कोणी येणार असेल तर त्या पुरुषाला प्रथम तिच्या मुलांना, मग तिच्या सासूला आणि त्या फेरफारालाही सामोरे जावे लागेल. ही कथा आपल्यापैकी कोणी लिहिली आहे काय?

तशीच दुसरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात, गणपती विसर्जित करून उशिरा झोपलेली किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. जे वाचले त्यांनी नव्या वसाहतींत पुन्हा चुली मांडल्या. भूकंपाच्या बातम्या आपण पुष्कळ वाचल्या. परंतु ज्याचे सारे घर एका रात्री गेले तो माणूस नव्या पत्नीशेजारी पहिल्यांदा जेवायला बसताना कोणाचे नाव चुकून उच्चारतो, आणि ते ऐकून ती काय करते, हे कादंबरीकारानेच सांगायचे आहे. तेथे श्रद्धेला उत्तर देण्याची घाई नसावी. तिने त्या दोघांच्या पंक्तीला बसून राहावे.

या ख्रिस्ती लेखनाला मराठी सारस्वताच्या दरबारात जागा नाही, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्याच उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, तेव्हा या तक्रारीचा बराचसा आधार नाहीसा झाला. आता उणीव आहे ती हस्तलिखितांची. आपल्या मंडळ्यांतील वृद्ध स्त्रियांकडून त्यांच्या संसाराच्या हकिकती त्यांच्याच बोलीत, त्यातील उर्दू वळणांसह आणि भांडणांसह, तरुण लेखकांनी उतरवून घ्याव्यात, आणि आपल्या या संमेलनाच्या कार्यकारी मंडळाने त्यांच्या प्रकाशनाची तजवीज करावी, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो आणि माझे भाषण येथेच पुरे करतो.