सॉकेट ढिले, पण फ्यूज शाबूत!

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



पाइपाचा सांधा ढिला झाला की पाणी गळते. ते लांबून दिसते आणि आपण लगेच दुरुस्तीला लागतो. विजेचा सांधा ढिला झाला तर मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. तेथे उष्णता तयार होते आणि तीही बोर्डाच्या आत. म्हणून आज पिकांचा विषय बाजूला ठेवून घरातील ढिल्या सॉकेटविषयी बोलणार आहे.

"फ्यूज उडत नाही, म्हणजे सारे ठीक आहे," असा समज सर्वत्र आढळून येतो. हा समज चुकीचा आहे. फ्यूज किंवा एम.सी.बी. हे करंट प्रमाणाबाहेर वाढला तरच वीज तोडतात. ढिल्या सांध्यातून करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. एक हिशेब पाहा. पाणी तापवण्याचा १,५०० वॉटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ६.५ अँपिअर करंट घेतो. ढिल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी धरला, तरी तेथे सुमारे २१ वॉट उष्णता तयार होते आणि तीही तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत. तेवढ्याने प्लास्टिक वितळते व लाकडी बोर्ड करपतो. शेजारी कडबा, बारदान किंवा धान्याची पोती असतील तर पुढचे सांगायला नको. शॉकपासून वाचविणारे ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. प्रत्येक घरात असावेच. पण तेदेखील हा दोष ओळखत नाही. तो आपणच ओळखावा लागतो.

ढिलेपणा कसा ओळखावा?

प्लग लावताना चरचर आवाज येणे, ठिणगी दिसणे, उपकरण मध्येच बंद पडून हलविल्यावर सुरू होणे, वापरानंतर प्लग हाताला गरम लागणे, सॉकेटची भोके काळी पडणे आणि जळकट वास येणे ही लक्षणे होत. यांपैकी एक जरी दिसले तरी त्या सॉकेटचा वापर त्याच दिवशी थांबवावा.

दुरुस्तीपूर्वी घ्यावयाची काळजी

बोर्डावरील बटण बंद करून भागत नाही. काही घरांत ते चुकून न्यूट्रलच्या वायरवर बसविलेले असते. म्हणून मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. "लाईट गेली आहे, तेवढ्यात उरकून घेऊ," असे कधीही करू नये. भारनियमनात वीज कोणत्याही क्षणी परत येते. मेन स्विचजवळ घरातील एखाद्या जाणत्या माणसाला उभे करावे. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून घ्यावा आणि मगच मेन बंद केल्यावर सॉकेटवर लावून पाहावा. हात व पाय कोरडे असावेत, पायांत रबरी चप्पल असावी.

दुरुस्ती

१) बोर्डच भिंतीत हलत असेल तर स्क्रूची पकड गेलेली असते. जुने भोक साफ करून त्यात प्लास्टिकचा रावळ प्लग बसवावा व स्क्रू पुन्हा आवळावा. मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तेथे आधी लाकडी गुटका सिमेंटमध्ये पक्का करावा. वाळवी लागलेला किंवा पावसाळ्यात फुगलेला लाकडी बोर्ड बदलावा.

२) वायरचा स्क्रू ढिला असेल तर वायर बाहेर काढावी. काळी पडलेली तार चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावी. सुमारे एक सेंटिमीटर आवरण सोलून तारा पिळाव्यात, पूर्ण आत घालाव्यात आणि स्क्रू आवळावा. वायर हळूच ओढून पाहावी. ती सुटता कामा नये.

३) प्लगच आत ढिला बसत असेल तर सॉकेटमधील पितळी पट्ट्यांचा ताण गेलेला असतो. अशा वेळी आय.एस.आय. चिन्हाचे नवे सॉकेट बसवावे. मोठे भोक वर ठेवून समोरून पाहिल्यास वर अर्थ, उजवीकडे फेज व डावीकडे न्यूट्रल असते. अर्थची हिरवी वायर मोकळी सोडू नये.

हे टाळावे

सॉकेटमध्ये उघडी वायर घालून काडेपेटीची काडी खोचणे ही सवय आजच सोडावी. प्लगची पिन पक्कडीने वाकवून किंवा फाकवून केलेली दुरुस्ती टिकत नाही. रॉड, गिझर, शेगडी ही उपकरणे ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नयेत. त्यांना जाड वायरचे वेगळे १६ अँपिअरचे सॉकेट लागते.

वायर बोर्डाच्या आत खोलवर जळालेली असेल, घरात जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल, भिंतीला ओल असेल किंवा अर्थिंगच नसेल तर स्वतः हात घालू नये. परवानाधारक वायरमनला बोलवावे. नवीन पॉइंट काढण्याचे कामही त्याच्याकडूनच करून घ्यावे.

भगिनींना एक खास विनंती. मिक्सर, इस्त्री, रॉड यांचे प्लग रोज तुमच्याच हाताखालून जातात. प्लग गरम लागतो हे सर्वांत आधी तुम्हालाच कळते. ते त्याच दिवशी घरात सांगा आणि दुरुस्ती होईपर्यंत ते सॉकेट वापरू देऊ नका.

पेरणीपूर्वी आपण औजारे तपासतो. त्याच वेळी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घर, गोठा व पंपघरातील प्रत्येक सॉकेट एकदा तपासावे. नव्या सॉकेटचा खर्च जळालेल्या घरापुढे काहीच नाही. आज घरी गेल्यावर आधी एक सॉकेट हलवून पाहा, एवढे सांगून थांबतो.