नेम चुकला, माणूस की माशी?

१९४१ साली बेळगावात महार पलटण उभी राहिली, त्या काळच्या ३०३ रायफलीबद्दल दोन शब्द. गोळ्या डावीकडं गेल्या की रंगरुटाला बोल लावणं सोपं. आम्ही म्हणतो, आधी बंदूक तपासा. वाळूच्या पोत्याचा टेका घेऊन पाच गोळ्या झाडा. पाचही डावीकडं, पण एकाच जागी लागल्या, तर माणूस चोख. नळीच्या टोकावरची माशी सरकलीय. ती डावीकडंच सरकवायची, म्हणजे नेम धरताना नळीचं तोंड उजवीकडं वळतं. गोळ्या खाली लागल्या तर माशी बुटकी बसवायची. (गिरणीतही धागा तुटला की दंड कामगाराला, साचा कोण बघतो?) गोळ्या चहूकडं विखुरल्या, तर मात्र माशीला हात लावू नये. नळी झिजलीय का ते बघावं, मगच रंगरुटाकडं वळावं.