दार उघडायचे, तर घरही आवरा



युरोपीय संघात आज 27 देश आहेत. नवा सदस्य घ्यायचा तर सगळ्यांची संमती लागते. एकानेही नकार दिला की काम अडते. उत्तर मॅसिडोनिया 2005 पासून उमेदवार आहे. ग्रीसचा आक्षेप मिटावा म्हणून 2019 मध्ये त्याने देशाचे नाव बदलले. तरी 2020 मध्ये बल्गेरियाने इतिहास आणि भाषेचा वाद काढून वाटाघाटी रोखल्या.

म्हणून काही जण म्हणतात, आधी संघ सुधारा, मग नवे सदस्य घ्या. इतर अनेक विषयांत 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या पाठीशी असली की निर्णय होतो. प्रवेशाच्या मधल्या टप्प्यांना हीच पद्धत लावावी, असे मला वाटते. अंतिम होकार मात्र एकमतानेच असावा. लहान देशांना नकाराधिकार ही ढाल वाटते आणि त्यांची भीती खोटी नाही.

पण सुधारणेची सबब सांगून दार बंद ठेवणे हा न्याय नव्हे. अटी पाळूनही दार उघडले नाही, तर त्या देशातले सुधारणावादीच आधी हरतात. नियम आधी सांगा, सर्वांना सारखे लावा, मध्येच बदलू नका. हा निकष आपल्या संघटनांनाही लागू आहे.