काम झालं, पण केलं कुणी?

भाकऱ्या थापत ऐकत असाल तर थापत राहा. आजच्या विषयासाठी हात थांबवायची गरज नाही, पण विषय ऐकून हसू नका. आज आपण इंग्रजीच्या व्याकरणावर बोलणार आहोत. दहावीची मुलं ज्याला घाबरतात ते ॲक्टिव्ह व्हॉइस आणि पॅसिव्ह व्हॉइस.

'ताई, आमचा काय संबंध?' असं म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी मे महिन्यात आमच्या बचत गटाचा कर्जाचा अर्ज बँकेतून परत आला. सोबत इंग्रजीत दोन ओळी होत्या: 'युवर ॲप्लिकेशन हॅज बीन रिटर्न्ड. द रेझोल्यूशन वॉज नॉट अटॅच्ड.' माझ्या मुलीने अर्थ सांगितला, 'तुमचा अर्ज परत पाठवला आहे. ठराव जोडलेला नव्हता.' आणि पुढे म्हणाली, 'आई, दोन्ही वाक्यं पॅसिव्ह आहेत. ठराव कुणी जोडायचा राहिला, ते यात नाहीच.'

संध्याकाळी आम्ही सगळ्या जमलो. अध्यक्षांना वाटलं होतं, सचिव जोडेल. सचिव मी. मला वाटलं होतं, बँकेत कोषाध्यक्ष जाणार आहे, तीच जोडेल. तिला वाटलं, कागद आधीच लावलेले असतील. आवाज चढले. शेवटी ठराव वही उघडली. त्यात लिहिलं होतं, 'ठरावाची प्रत अर्जासोबत जोडण्याचे ठरविण्यात आले.' अक्षर माझंच! ठरलं होतं खरं, पण करायचं कुणी ते मी लिहिलंच नव्हतं. पेरणी तोंडावर होती. आमच्यातल्या एकीने बियाण्यासाठी कानातलं गहाण ठेवलं. तेव्हा मुलीचं ते व्याकरण मी नीट समजून घ्यायचं ठरवलं.

तर ऐका. एक सोपं वाक्य घेऊ. 'सुमन फीड्स द गोट.' सुमन शेळीला चारा घालते. काम करणारी सुमन, ती वाक्यात पहिली. हा ॲक्टिव्ह व्हॉइस. आता हेच वाक्य फिरवू. 'द गोट इज फेड बाय सुमन.' शेळी पुढे आली, सुमन मागे गेली. हा पॅसिव्ह व्हॉइस.

यात तीन गोष्टी बदलल्या. पहिली, जिच्यावर काम होतं ती शेळी वाक्याच्या सुरुवातीला आली. दुसरी, क्रियापदाचं तिसरं रूप आलं आणि त्याच्याआधी 'इज' लागलं. मुलं पाठ करतात ना, ईट, एट, ईटन. राइट, रोट, रिटन? त्यातलं शेवटचं ते तिसरं रूप. तिसरी गोष्ट, काम करणारी शेवटी गेली आणि तिच्याआधी 'बाय' लागलं.

काळ बदलला की 'इज' बदलतं, तिसरं रूप तेच राहतं. शेळ्या अनेक असतील तर 'आर फेड'. काल चारा घातला असेल तर 'वॉज फेड', अनेक शेळ्यांना 'वेअर फेड'. उद्या घालणार असेल तर 'विल बी फेड'. आत्ता घालणं चालू असेल तर 'इज बीइंग फेड'. घालून झाला असेल तर 'हॅज बीन फेड'. आमच्या पत्रातलं 'हॅज बीन रिटर्न्ड' आठवलं का? परत पाठवून झालं होतं.

आणखी एक. 'आय' असेल तर 'बाय आय' होत नाही, 'बाय मी' होतं. 'शी'चं 'बाय हर', 'ही'चं 'बाय हिम', 'दे'चं 'बाय देम'. आणि प्रत्येक वाक्य फिरत नाही. 'सुमन स्लीप्स', सुमन झोपते. झोपण्याचं काम दुसऱ्या कशावर होत नाही, मग पुढे आणायचं काय? असं वाक्य तसंच ठेवायचं.

आता आपल्या मराठी मुलांची हमखास होणारी चूक सांगते. मराठीत आपण म्हणतो, 'सुमनने आंबा खाल्ला.' 'सुमनने चिंच खाल्ली.' 'सुमनने बोर खाल्लं.' खाणारी एकच, पण क्रियापद आंबा, चिंच, बोर यांच्यामागे जातं. मराठी व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. मुलं हा 'ने' पाहतात आणि इंग्रजीत 'बाय' लावून मोकळी होतात. पण 'सुमनने आंबा खाल्ला' याचं इंग्रजी साधं आहे, 'सुमन एट द मँगो.' हा ॲक्टिव्हच. 'द मँगो वॉज ईटन बाय सुमन' हा पॅसिव्ह. म्हणून मुलांना सांगा, मराठीतला 'ने' पाहून ठरवू नका. इंग्रजी वाक्यात इज, आर, वॉज, वेअर, बीन यांपैकी काही आहे का आणि त्याला जोडून क्रियापदाचं तिसरं रूप आहे का, ते पाहा. दोन्ही असतील तर बहुतेक वेळा पॅसिव्ह.

'बाय' शोधत बसू नका, कारण तो नसला तरी इंग्रजी वाक्य पूर्ण होतं. आपल्या मराठीत याच्या जवळचं काय, तर 'करण्यात आले', 'देण्यात आले', 'ठरविण्यात आले'. माणूस गाळायची सोय त्यातही आहे.

म्हणजे पॅसिव्ह वाईट का? तसं नाही. सायकल चोरीला गेली, चोर माहीत नाही. तेव्हा 'माय सायकल वॉज स्टोलन' हेच बरोबर. 'राइस इज ग्रोन इन कोकण', कोकणात भात पिकवला जातो. कोण पिकवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे 'शेतकऱ्यांकडून' म्हटलं नाही तरी चालतं. पण जिथे करणाऱ्याचं नाव महत्त्वाचं, तिथे ते गाळलं की नुकसान होतं.

हे वाक्य पाहा. 'अ स्कूल फॉर गर्ल्स वॉज स्टार्टेड इन पुणे इन १८४८.' पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू करण्यात आली. व्याकरणात एकही चूक नाही. पण सावित्रीबाई कुठे आहेत? जोतीराव कुठे आहेत? लोकांचा त्रास सोसून ज्यांनी मुलींना शिकवलं, ते वाक्यातून गेले. शेवटी 'बाय सावित्रीबाई अँड जोतीराव फुले' जोडलं की वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतं. श्रेय असो की जबाबदारी, नाव लागतं.

आता आमच्या गटाचं सांगते. ठराव जोडून अर्ज पुन्हा दिला. कर्ज मिळालं, पण पेरणी होऊन गेल्यावर. कानातलं दिवाळीच्या सुमारास सुटलं. तेव्हापासून आमच्या वहीत 'जोडण्याचे ठरविण्यात आले' एवढंच लिहून मी थांबत नाही. 'ठरावाची प्रत सचिवांनी सोमवारपर्यंत बँकेत द्यावी' असं लिहिते. काम, माणूस आणि वार. पैसे दिले तर कुणी दिले, कुणाला दिले, कुणासमोर दिले, तेही लिहिते. सुरुवातीला एकदोघींना हा अविश्वास वाटला. आता त्याच म्हणतात, 'लिहिलंस ना गं नाव? मग भांडण नाही.'

तुमच्यासाठी दोन कामं आहेत. पुढच्या बैठकीत गटाची वही उघडा. जिथे जिथे 'ण्यात आले' दिसेल तिथे मोठ्याने विचारा, 'कुणी?' उत्तर वहीत सापडलं तर ठीक, नाही तर तिथल्या तिथे लिहून घ्या.

दुसरं काम घरच्या मुलांसाठी. त्यांना हे वाक्य फिरवायला द्या: 'माय मदर रन्स द हाऊस.' माझी आई घर चालवते. उत्तर आहे, 'द हाऊस इज रन बाय माय मदर.' मुलगा 'द हाऊस इज रन' एवढ्यावर थांबला, तर त्याला विचारा, 'बाय कोण, रे बाळा?' आणि तो 'बाय माय मदर' लिहीपर्यंत वही बंद करू देऊ नका.

चला, भाकऱ्या झाल्या असतील. पुन्हा भेटूच. नमस्कार.