शिक्का मारायला वेळ लागतो

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



आजचा विषय आहे इराकमधली शस्त्रतपासणी आणि २००३ चे युद्ध टाळण्यासाठी झालेली शिष्टाई. मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या नापतौल विभागात लागलो. गेली वीस वर्षे दुकानांतले काटे आणि वजने तपासतो आहे. तपासणी हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून जगातली एवढी मोठी तपासणी कशी झाली आणि ती अर्धवट का राहिली, हे जमेल तसे वाचत आलो. तेच आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात १९९० पासून करावी लागेल. त्या वर्षी २ ऑगस्टला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथे अडकलेल्या दीड लाखाहून अधिक भारतीयांना एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून परत आणले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९९१ च्या युद्धात इराक हरला आणि एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६८७ क्रमांकाचा ठराव केला. इराकने आपली रासायनिक आणि जैविक अस्त्रे, तसेच दीडशे किलोमीटरच्या पुढे जाणारी क्षेपणास्त्रे नष्ट करावीत, अण्वस्त्रांचा नाद सोडावा आणि हे सगळे निरीक्षकांना दाखवून द्यावे, अशी अट होती. तोवर व्यापारावरचे निर्बंध कायम.

पहिली तपासणी सात वर्षे चालली. स्वीडनचे रॉल्फ एकेयस तिचे पहिले प्रमुख. इराकने लपवाछपवी भरपूर केली. सप्टेंबर १९९१ मध्ये निरीक्षकांच्या हाती अणुकार्यक्रमाची कागदपत्रे लागली, तेव्हा त्यांना बगदादमधल्या एका वाहनतळावर चार दिवस अडकवून ठेवले. पण काम झाले. अस्त्रांचे साठे निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट केले गेले. जैविक अस्त्रांचा कार्यक्रम इराक नाकारत होता, तोही शेवटी त्याला कबूल करावा लागला.

मग घोटाळा कुठे झाला? १९९१ च्या उन्हाळ्यात इराकने बरीचशी अस्त्रे निरीक्षकांना न कळवता, स्वतःच गुपचूप नष्ट केली. पंचनामा नाही, धड नोंदही नाही. आमच्या कामात हे रोज दिसते. दुकानदार म्हणतो, "साहेब, ती जुनी वजने केव्हाच भंगारात दिली." पावती आहे का? नाही. आता तो खरे बोलत असेल किंवा ती वजने मागच्या खोलीत असतील. पावती नाही एवढ्यावरून वजने आहेत असे सिद्ध होत नाही. नाहीत असेही सिद्ध होत नाही. निरीक्षकाने अशा वेळी एकच लिहायचे असते : "हिशेब लागत नाही." इराकच्या बाबतीत निरीक्षकांनी वर्षानुवर्षे हेच लिहिले. पुढे राजधान्यांमध्ये त्याचा अर्थ "अस्त्रे आहेत" असा लावला गेला. साऱ्या अनर्थाचे मूळ मला या दोन वाक्यांमधल्या फरकात दिसते.

१९९८ च्या डिसेंबरात निरीक्षक बाहेर पडले आणि अमेरिका-ब्रिटनने चार दिवस बॉम्बफेक केली. त्यानंतर तपासणीच्या आडून अमेरिकेच्या हेरखात्याने आपले काम साधून घेतल्याचे उघड झाले आणि पहिल्या पथकाची पत गेली. पुढे चार वर्षे इराकमध्ये कुणी अस्त्रे शोधणारे नव्हते. नवे पथक नेमले ते हान्स ब्लिक्स या स्वीडिश कायदेपंडितांच्या हाताखाली. यात एक सुधारणा महत्त्वाची होती. जुन्या पथकातल्या माणसांचा पगार त्यांची त्यांची सरकारे देत. नव्या पथकातली माणसे संयुक्त राष्ट्रांची नोकर होती. अणुविषयक तपासणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे होती आणि तिचे प्रमुख होते इजिप्तचे मोहम्मद अल बरादेई.

८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा परिषदेने १४४१ क्रमांकाचा ठराव पंधरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. अरब देशांपैकी सीरियानेही बाजूने मत दिले. इराकला ही शेवटची संधी होती. २७ नोव्हेंबरला तपासणी सुरू झाली. ७ डिसेंबरला इराकने सुमारे बारा हजार पानांचे निवेदन दिले, पण त्यात नवे फारसे नव्हते. २७ जानेवारीला ब्लिक्स यांनी परिषदेपुढे इराकला स्पष्ट शब्दांत दोष दिला. आठ हजार पाचशे लिटर अँथ्रॅक्स तयार केल्याचे इराकच सांगतो आणि ते नष्ट केल्याचा पटेल असा पुरावा देत नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे हा माणूस सद्दामची बाजू घेत नव्हता, हे लक्षात घ्या.

पण त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत चित्र बदलू लागले. अल समूद क्षेपणास्त्राचा पल्ला दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो असे ठरताच ब्लिक्स यांनी ती नष्ट करायला सांगितली आणि १ मार्चपासून इराक ती खरोखरच मोडू लागला. १९९१ मध्ये पुरलेल्या बॉम्बचे अवशेष उकरून दाखवू लागला. ७ मार्चला अल बरादेई यांनी सांगितले, की नायजरकडून युरेनियम घेण्याचा करार म्हणून दाखवलेली कागदपत्रे बनावट आहेत. दहाएक वर्षांपूर्वी पदावरून गेलेल्या मंत्र्याची सही एका पत्रावर होती! ज्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून एवढा गदारोळ झाला, त्याही रॉकेटसाठीच असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोवर सुमारे पाचशे ठिकाणी सातशेच्या आसपास तपासण्या झाल्या होत्या आणि साठे कुठेही सापडले नव्हते. उरलेल्या कामाला किती वेळ लागेल? ब्लिक्स म्हणाले, काही महिने.

काही महिने! पण तेवढा वेळ द्यायची तयारी नव्हती. कुवेतमध्ये फौज जमली होती, उन्हाळा तोंडावर होता आणि एवढे सैन्य वाळवंटात बसवून ठेवता येत नाही, असे म्हटले जात होते. इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. ती फौज दारात उभी नसती तर इराकने निरीक्षकांना आत घेतलेच नसते, हे ब्लिक्स यांनीही मान्य केले आहे. धाक लागतोच. पण धाक तपासणीसाठी उभा करायचा आणि तपासणी मार्गी लागली की तिलाच बाजूला सारायचे, हा कुठला न्याय?

शिष्टाई करणारे शेवटपर्यंत धडपडत होते. १५ फेब्रुवारीला जगभरच्या शहरांत लाखो माणसे रस्त्यावर उतरली. १ मार्चला तुर्कस्तानच्या संसदेने अमेरिकन फौजेला वाट द्यायला नकार दिला. दुसऱ्या ठरावासाठी नऊ मते हवी होती. चिली, मेक्सिको, अंगोला, कॅमेरून, गिनी आणि पाकिस्तान या सहा देशांवर दडपण आले, तरी मतांची बेरीज जुळली नाही. ब्रिटनने सहा कसोट्या सुचवल्या, चिलीने मुदत वाढवायची सूचना केली. काहीच जमले नाही. १७ मार्चला बुश यांनी सद्दामला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली, १८ तारखेला निरीक्षक बगदाद सोडून गेले आणि २० मार्चच्या पहाटे बॉम्ब पडू लागले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. युद्धानंतर अमेरिकेच्याच हजाराहून अधिक माणसांच्या पथकाने इराक पालथा घातला. २००४ चा त्यांचा अहवाल सांगतो, की साठे नव्हते. ते मुख्यतः १९९१ मध्येच नष्ट झाले होते. सद्दामने तरी संशय का राहू दिला? इराणला वचक राहावा म्हणून, असे त्या अहवालात म्हटले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायला गेला आणि देश घालवून बसला. नोंद झालेल्या मृत नागरिकांचाच आकडा लाखाच्या वर गेला आणि सुमारे साडेचार हजार अमेरिकन सैनिक मेले. ब्रिटनच्या चिलकॉट समितीने २०१६ मध्ये लिहिले, की शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्धाचा रस्ता धरला गेला. निरीक्षक ज्या कनाल हॉटेलातून काम करत, तिथेच ऑगस्ट २००३ मध्ये ट्रकबॉम्ब फुटला आणि संयुक्त राष्ट्रांचे दूत सर्जिओ व्हिएरा दि मेल्लो यांच्यासह बावीस जण ठार झाले.

आपल्या देशाने काय केले, हे ग्वाल्हेरच्या सभेत सांगायलाच हवे. पंतप्रधान होते आपल्या गावचे अटलजी आणि लोकसभेच्या अध्यक्षपदी होते मनोहर जोशी. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला. कोणता शब्द वापरायचा यावर बरीच ओढाताण झाली. हिंदीत 'निंदा' आला, इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द ठेवला. आपण हसतो, पण मैत्रीही सांभाळायची आणि खरेही बोलायचे, अशा वेळी शब्द तोलूनमापूनच घ्यावे लागतात. पुढे अमेरिकेने इराकमध्ये सैन्य पाठवा अशी गळ घातली, तेव्हा १४ जुलैला भारताने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय ते जमणार नाही असे सांगितले. किती घरांतली मुले त्या नकाराने वाचली, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

कृष्णशिष्टाई फसली म्हणून कृष्ण गेला ते व्यर्थ, असे आपण कधी म्हटले नाही. ब्लिक्स आणि अल बरादेई यांचेही तसेच. त्यांनी युद्ध थांबवले नाही, पण त्यांनी लिहिलेले पुढे खरे ठरले. २००५ चे शांततेचे नोबेल अल बरादेई आणि त्यांच्या संस्थेला मिळाले.

लोखंडी वजनाच्या भोकात शिसे भरून त्यावर आम्ही शिक्का मारतो. त्याचा अर्थ इतकाच, की या दिवशी हे वजन बरोबर भरले. काल काय होते, उद्या काय होईल, ते शिक्का सांगत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. काम कंटाळवाणे आहे, त्याची बातमी होत नाही. पण बाजार त्यावर चालतो.

मित्रहो, पुन्हा कधीतरी कुठल्यातरी देशाबद्दल टीव्हीवर ओरडून सांगितले जाईल, की त्याच्याकडे भयंकर अस्त्रे आहेत आणि थांबायला वेळ नाही. कदाचित ते खरेही असेल. तेव्हा तीन गोष्टी विचारा : जाऊन पाहिले कोणी? पाहणाऱ्याला पगार कोण देतो? आणि त्याने मागितला तेवढा वेळ त्याला दिला का?

 गणपती बाप्पा मोरया!